स्पीकर कोणता घ्यावा? गादीवर बसून ऐका



आजचा विषय आहे घरच्या स्टिरिओसाठी स्पीकर कसे निवडावेत, आणि तेही महागडे, ज्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात ते. सुरुवातीलाच एक कबुली देतो. या व्हिडिओत मी तुम्हाला एकाही स्पीकरचा आवाज ऐकवणार नाही. तुम्ही हे फोनवर ऐकत असाल, फार तर इअरफोन लावून. लाखाच्या स्पीकरचा आवाज माझ्या माइकमधून, इंटरनेटवरून तुमच्या फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर आला तर तुम्हाला ऐकू येतो तो तुमचा फोन. टीव्हीच्या जाहिरातीत दुसऱ्या टीव्हीचं चित्र किती झकास आहे ते दाखवतात ना, तसलाच तो प्रकार. त्यामुळे आज फक्त गोष्ट सांगतो. आमच्या घरी काय झालं त्याची.

मी राहतो ओरगडमला. चेन्नईच्या मध्यापासून चाळीस-एक किलोमीटर. पुण्याकडच्या मंडळींनी चाकण डोळ्यांसमोर आणावं, फक्त भात आणि दमट हवा जास्त. इथे रेनो आणि निस्सानच्या गाड्या बनतात, भारतबेंझचे ट्रक इथे बनतात, रॉयल एनफिल्डच्या बुलेट इथून बाहेर पडतात, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान-मोठे कारखाने आहेत. त्यातल्याच एकात मी आहे. माझं काम आवाजाचं. म्हणजे गाडीत कुठून खडखड येते, कोणता पत्रा कितव्या हर्ट्झला थरथरतो, ते शोधून बंद करायचं. बावीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे स्पीकर निवडायची वेळ आली तेव्हा मला वाटलं होतं की हे तर आपल्या डाव्या हाताचं काम. ते तसं नव्हतं, म्हणून तर आज बोलतोय.

दीड वर्षापूर्वी आई गेली आणि बाबा मिरजेचं घर बंद करून आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. येताना दोन बॅगा आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा घेऊन आले. डब्यात कॅसेट. मिरजेचा माणूस म्हटल्यावर त्यात काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. खाँसाहेब. अब्दुल करीम खाँ. जुन्या तबकड्यांवरून कोणी कोणी भरून दिलेल्या त्या कॅसेट. बाबांनी खाँसाहेबांना पाहिलेलं असणं शक्यच नाही, पण मिरजेत दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याला लहानपणापासून रात्ररात्र बसलेला हा माणूस. त्यांच्या लेखी खाँसाहेब गल्लीतलेच.

आणि योगायोग बघा. ओरगडमवरून जो मोठा रस्ता जातो तो एका बाजूला श्रीपेरंबुदूरला निघतो आणि दुसऱ्या बाजूला सिंगपेरुमाल कोविलला. आमच्या घरापासून ते स्टेशन बारा-पंधरा किलोमीटर. चेन्नईहून चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या लोकल तिथे थांबतात. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब छातीत दुखायला लागलं म्हणून याच स्टेशनवर उतरले, आणि तिथेच फलाटावर गेले. शेवटी तंबोरे लावायला सांगून ते दरबारीत गायले, असं म्हणतात. मग त्यांना मिरजेला आणलं, दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. मी सहा वर्षं त्या स्टेशनवरून येत-जात होतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. बाबांनी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "इथनं सिंगपेरुमाल कोविल लांब आहे काय रे?" मला वाटलं देवळाला जायचंय.

तर हे ऐकायला घरात काय होतं? टीव्हीखाली लावायचा लांबट साउंडबार. त्यावर खाँसाहेबांचा तो टोकदार, वरच्या पट्टीतला आवाज असा यायचा जसा कोणी डब्यात तोंड घालून गातंय. बाबा काही बोलले नाहीत. पण कॅसेटचा डबा परत पलंगाखाली गेला. मला ते लागलं. बायको म्हणाली, गाडीचे पत्रे गप्प करत फिरतोस, घरात एक गाणारं यंत्र आण की. बोनस आला होता. ठरलं.

स्पीकर आणायचे म्हटल्यावर बाबांनी विचारलं कसले? म्हटलं, बुकशेल्फ. ते म्हणाले, "म्हणजे पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे." म्हटलं, नाही, ते स्टँडवर ठेवायचे, भिंतीपासून लांब. "मग पुस्तकाचं नाव कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. नाव पडलं आकारावरून, पण चांगला बुकशेल्फ स्पीकर फळीत कोंबला तर तो त्याच क्षणी निम्म्या किमतीचा होतो. फळी स्वतः थरथरते, मागची भिंत खर्ज फुगवते. स्टँड घ्या. बाजारात देखणे मिळतात, मी मात्र ओरगडमच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे अठ्ठावीस इंची करून घेतले आणि आत कोरडी वाळू भरली. वाळूने पाइप वाजत नाही. हे गाडीच्या धंद्यातलं शहाणपण.

आता स्पीकर. यादी मोठी होती. आपल्याकडेही नावं आहेत, कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून आहे, पुण्यात केडन्सने इलेक्ट्रोस्टॅटिकसारखं अवघड काम केलं आहे. पण ऐकत, वाचत, मोजत मी शेवटी दोन जोड्यांवर आलो. एक केईएफची एलएस५० मेटा, दुसरी हार्बेथची पी३ईएसआर. दोन्ही इंग्लंडच्या. दोन्ही साधारण एक फूट उंच. पहिली लाखाच्या बरीच वर आणि दुसरी तिच्याहूनही बरीच महाग.

या दोघी चुलत बहिणी आहेत म्हटलं तरी चालेल. दोघींच्या मागे बीबीसी आहे. बीबीसीच्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये इंजिनिअरला बसून आवाज तपासावा लागे. गाडीत जागा नाही, मोठा स्पीकर मावत नाही. म्हणून १९७०च्या दशकात त्यांच्या संशोधन विभागाने एलएस३/५ए नावाचा लहानसा डबा तयार केला. माणसाचा बोलण्याचा आवाज खरा वाटला पाहिजे ही पहिली अट. त्यात बसवलेले दोन्ही ड्रायव्हर केईएफचे होते. केईएफ काढली रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये, ते आधी बीबीसीतच होते. आणि बीबीसीच्या त्याच संशोधन विभागातल्या डडली हारवुड यांनी बाहेर पडून १९७७ मध्ये हार्बेथ काढली. एकाच गुरूचे दोन शिष्य, आणि गायकी वेगवेगळी.

गायकीतला फरक सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत तोच कामाला येणार आहे. हार्बेथचा डबा बंद. खाली खर्ज-मध्याचा ड्रायव्हर, वर बारीक आवाजाचा ट्वीटर, एकावर एक. एलएस५०मध्ये ट्वीटर खालच्या ड्रायव्हरच्या बरोबर मधोमध बसवलेला, फुलातल्या केसरासारखा. आवाज एकाच बिंदूतून निघतो. ही त्यांची १९८८ पासूनची युक्ती. आणि डब्याला मागे भोक, खर्जाला मदत म्हणून. कागदावर हार्बेथ ७५ हर्ट्झपर्यंत उतरते, केईएफ ७९पर्यंत. म्हणजे खर्जाच्या बाबतीत दोघी सारख्याच, दोघींकडून ढोलताशाची अपेक्षा करू नका.

दुकानात जाऊन ऐकलं. दुकान चांगलं होतं, माणसंही. भिंतींना कापड, पायाखाली जाड गालिचा, एसीचा आवाज नाही. मला एका मोठ्या खुर्चीत बसवलं आणि गिटारचं एक तुकतुकीत रेकॉर्डिंग लावलं. मग दुसऱ्या जोडीवर तेच. मी म्हटलं, दुसरी जास्त चांगली. मग माझ्या लक्षात आलं की दुसरी थोडी मोठ्याने वाजत होती. केईएफची संवेदनशीलता ८५ डेसिबल, हार्बेथची ८३.५. एकाच व्हॉल्यूमवर दीड डेसिबलचा फरक. माणसाच्या कानाला एवढा फरक मोठा आवाज म्हणून कळतच नाही, तो चांगला आवाज म्हणून कळतो. बावीस वर्षं आवाजात काढलेला माणूस, फसलो. तुम्ही दुकानात जाल तेव्हा एवढं एक करा, दोन्ही जोड्या सारख्या पातळीवर आणून मगच ऐका. फोनवरच्या फुकटच्या मीटरने काम भागतं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. आमचा हॉल म्हणजे ते दुकान नाही. आमचा हॉल चौदा फूट बाय अकरा, खाली चकचकीत टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, वर पंखा. पंखा बंद करून गाणं ऐकण्याची चैन ओरगडममध्ये डिसेंबर-जानेवारीतले काही दिवस परवडते. म्हणून दुकानदाराकडे अनामत ठेवून एक जोडी शनिवार-रविवारसाठी घरी आणली, दुसरी एका सहकाऱ्याकडे होती ती त्याच्याकडून मागून आणली. हे जमत असेल तर काहीही करून जमवा. दुकानातला अर्धा तास आणि घरातले दोन दिवस यांची तुलनाच होत नाही.

घरी पहिल्याच दिवशी केईएफने मला घाबरवलं. मृदंग लावला तर डाव्या बाजूचा आवाज असा घुमला की शेजारच्या मामी दार वाजवून विचारायला आल्या. कारण सोपं आहे. चौदा फुटी खोलीत ४० हर्ट्झला आवाजाची लाट भिंतीभिंतीत अडकते आणि तिच्या दुपटीला, ८० हर्ट्झला, पुन्हा अडकते. ८० म्हणजे नेमकं जिथे हे लहान डबे खर्ज सोडायच्या बेताला येतात तिथे. त्यात मी स्टँड भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले होते आणि डब्याचं भोक भिंतीकडे. दीड फूट पुढे घेतले, निम्मा त्रास गेला. उरलेल्यासाठी मुलीच्या शाळेचे पांढरे पायमोजे गुंडाळून भोकात घातले. हसू नका, ही जगभर मान्य असलेली युक्ती आहे. बंद डब्याच्या हार्बेथला हा त्रास मुळातच कमी, भिंतीजवळही ती शहाण्यासारखी वागते. तुमची खोली लहान असेल आणि स्पीकर पुढे ओढायला जागाच नसेल, तर हा मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा मोठा आहे.

टाइल्सवरून आवाज टणटणत होता. त्यासाठी भवानीची जमखाणं अंथरली, इरोडकडची ती पट्ट्यापट्ट्यांची सुती. पातळ असतात, फार काही शोषत नाहीत, चार घातली तेव्हा बरं वाटलं. काचेपुढे जाड पडदा. एवढ्यावर खोलीत जो फरक पडला तो या दोन स्पीकरमधल्या फरकापेक्षा मोठा होता, आणि खर्च चार आकडी. केबलबद्दल लोक विचारतात. तांब्याची, पुरेशी जाड, नीट कसलेली. बस्स.

आता तंबोऱ्याची शंका. माझ्या एका गाणाऱ्या मित्राने विचारलं होतं की पुरुषाचा तंबोरा काळी एकला लावला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झला येते, आणि तुझे स्पीकर ७५-७९लाच थकतात, मग खर्ज ऐकू येणार कसा? येतो. तंबोऱ्याचा आवाज मुळात त्या ६९वर उभा नाहीच. जवारीने त्या तारेतून वरचे स्वरांश इतके फुलतात की कान त्यांच्यावरून खालचा षड्ज स्वतःच बांधतो. पाया न ऐकताही इमारतीवरून पाया कळतो. म्हणून आपल्या गाण्याला, गळा आणि तंबोऱ्याला, हे लहान डबे साजतात. वर जो मधला भाग आहे, दोनशे ते चार हजार हर्ट्झ, तिथे डबा खोटं बोलता कामा नये. या दोघी तिथे फारसं खोटं बोलत नाहीत, म्हणून तर निवड अवघड.

रविवारी परीक्षा ठेवली. डोळे बांधून, म्हणजे खरं तर स्पीकर झाकून. कारण डोळे उघडे असले की कान डोळ्यांचं ऐकतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी यावर आयुष्य घालवलं. १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवलं की तीच माणसं, तेच स्पीकर, पण समोर दिसत असले की मोठ्या आणि देखण्या स्पीकरला गुण वाढतात, पडदा ओढला की क्रम बदलतो. ऐकणारे अनाडी नव्हते, एका स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच लोक होते.

आमचा पडदा म्हणजे बाबांचं धोतर. पातळ मलमलीचं, आवाज अडवत नाही. दोरीवर वाळत घातल्यासारखं लावलं, मागे दोन्ही जोड्या. अँप्लिफायरला एक-दोन असं बटण होतं, ते मुलीच्या हातात. कोणती जोडी वाजते ते फक्त तिला माहीत, आणि जोडी बदलली की व्हॉल्यूम किती सरकवायचा ते मी खुणा करून दिलेलं. परीक्षक चार: मी, बायको, बाबा आणि शेजारच्या मामी. मामी वीणा शिकवतात. त्या मराठी बोलत नाहीत, पण अभंग येतात त्यांना, इथल्या भजनांत म्हणतात. एका अभंगाचा अर्थ त्यांनी मला विचारला होता आणि मी गडबडलो होतो, ते जाऊ दे.

आधी वीणा, मग व्हायोलिन, मग एका बाईंचं नव्या रेकॉर्डिंगमधलं ख्यालगायन. खुर्चीवर, बरोबर मधोमध बसून मी तिन्ही वेळा एकाच जोडीला पहिलं ठेवलं. नंतर कळलं ती हार्बेथ. गळा त्यात असा येतो की ओठ दिसावेत. मामींनीही तीच निवडली, थोड्याशा फरकाने. माझ्या मनात सौदा झाला होता.

बाबा मात्र खुर्चीवर बसलेच नाहीत. त्यांची जागा म्हणजे बाजूच्या भिंतीला घातलेली गादी आणि लोड. "गाणं काय खुर्चीवर बसून ऐकतात?" आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, कारण कुकर लावलेला. मग मी जागा बदलून पाहिल्या. आधी दारात उभा राहिलो, मग लोडाला टेकून पाहिलं. आणि तिथे चित्र पालटलं. एकावर एक ड्रायव्हर असलेल्या डब्यात, जिथे एक थांबतो आणि दुसरा सुरू होतो त्या पट्ट्यात, साधारण दोन ते साडेतीन हजार हर्ट्झच्या मध्ये, दोघेही एकाच वेळी गात असतात. कान समोर असला की दोघांचे आवाज बरोबर पोचतात. कान खूप खाली गेला किंवा वर गेला की एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उशिरा येतो आणि ते एकमेकांना खातात. मी माइक गादीवर ठेवून मोजलं, अडीच डेसिबलचा खड्डा. आकडा लहान वाटतो, पण तो नेमका शब्दांच्या कडा आणि हरकतींची धार असते त्या जागी पडला होता. एकाच बिंदूतून वाजणाऱ्या केईएफला तसा खड्डा नव्हता. खुर्चीत, गादीवर, दारात, ती जवळजवळ तीच राहत होती.

हे स्पीकर खुर्चीवर बसणाऱ्या एका माणसाला धरून आखलेले असतात. आपलं ऐकणं बैठकीचं. तुम्ही म्हणाल, स्टँड बुटके कर. करता आले असते. पण मग खुर्चीवाल्याचं काय, आणि दारातलीचं काय?

शेवटी बाबांच्या फर्माइशीवरून खाँसाहेब लावले. झिंझोटीतली ती ठुमरी. तीच, जी लहानपणी ऐकून भीमसेन गाण्यासाठी घर सोडून निघाले. जुनी तबकडी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात ढोबळमानाने शंभरपासून पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज आहे. बाकी जे काही आहे ते सुईचं घासणं. मुलीने बटण फिरवलं आणि मी, बायको, मामी, तिघेही एकदम म्हणालो की या जोडीवर खरखर जास्त येतेय. तेवढ्यात बाबा म्हणाले,

"कसली खरखर?"

आम्ही थांबलो. मुलीने पुन्हा लावलं. खरखर चांगली तव्यावर मीठ टाकल्यासारखी येत होती. बाबा म्हणाले, "स्वच्छ तर आहे की. तबकडी चांगली मिळालीय." मग मी त्यांचा गुणांचा कागद पाहिला. वीणेला पहिल्या फेरीत 'एक', दुसरीत 'दोन', तिसरीत 'दोन्ही सारखेच'. टूल यांच्या कामात मी हे वाचलेलं होतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसांची आवड वेगळी असते असं नव्हे, त्यांची मतं दर वेळी बदलतात, कारण त्यांच्यापर्यंत पुरता पुरावाच पोचत नाही.

वर्षभर बाबा टीव्ही मोठ्याने लावत होते. मी समजत होतो रस्त्यावरच्या ट्रेलरमुळे. सुनेने हळू काही सांगितलं की ते हसून मान डोलवायचे, मी समजत होतो नव्या जागी बुजलेत. कॅसेटचा डबा पलंगाखाली गेला तो साउंडबारवर रागावून, असंही मी समजत होतो. आणि माझं काम काय, तर आवाज मोजणं.

त्या आठवड्यात कान तपासून घेतले. दोन्ही कानांत दोन हजार हर्ट्झपासून उतार, चार हजारांच्या पुढे जवळजवळ कडा. वयाचं आहे, म्हणाल्या ऑडिऑलॉजिस्ट बाई, उशीर झालाय पण फार नाही. बाबा बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाले, "तुझी आई शेवटी शेवटी फार हळू बोलायची." मी काही बोललो नाही.

मग निवड सोपी झाली. बाबा जिथे बसतात तिथून जी चांगली वाजते आणि जिच्यात पैसे उरतात ती. केईएफ घेतली. खुर्चीत मधोमध बसलं की मला अजूनही हार्बेथ आठवते, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. तुम्ही एकटे ऐकणारे असाल, खुर्ची ठरलेली असेल, भिंत जवळ असेल, तर बिनधास्त तिकडे जा. उरलेले पैसे आणि वर बरेच घालून बाबांची दोन श्रवणयंत्रं आली. दोन्ही मिळून स्पीकरपेक्षा महाग. घरातला सगळ्यात हाय-एंड स्पीकर आता बाबांच्या कानामागे आहे.

त्याचीही एक खोच सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हा प्रश्न आहे. पहिल्या दिवशी यंत्र लावून बाबांनी तंबोरा ऐकला आणि यंत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, तंबोरा पाण्यात बुडवल्यासारखा हेलकावतो. त्यांचं बरोबर होतं. श्रवणयंत्राची आखणी बोलण्यासाठी असते. यंत्राची शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक यंत्रणा असते, ती एकसारखा लांबलेला सूर आला की त्यालाच शिट्टी समजते आणि दाबायला जाते. आणि तंबोरा म्हणजे दुसरं काय, लांबलेला सूरच. बाईंना सांगितल्यावर त्यांनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून दिला, त्यात ही दाबादाबी कमी, हळू-मोठ्यातला फरकही बराचसा तसाच ठेवलेला. हे आपण मागावं लागतं. मागितलं नाही तर गाणं ऐकणारा माणूस यंत्र खणात टाकतो आणि आपण म्हणतो, ऐकत नाहीत.

बाकी किरकोळ. या हवेत जुने फोमच्या कडेचे स्पीकर घेऊ नका, कड काही वर्षांत भुसभुशीत होते, रबराची टिकते. अँप्लिफायर भला दांडगा लागत नाही, आमच्या खोलीला पन्नास वॅट भरपूर झाले. पंख्याचा कुरकुरणारा बेअरिंग आधी बदला.

गेल्या महिन्यात, २७ तारखेला, आम्ही दोघं सिंगपेरुमाल कोविलला जाऊन आलो. लोकलची गर्दी होती, कारखान्यांची शिफ्ट सुटलेली. बाबा फलाटावरच्या बाकावर दहा-पंधरा मिनिटं बसले. कानात यंत्रं होती. एक लोकल सुटली, तिची शिट्टी ऐकून दचकले. घरी आल्यावर हातपाय धुतले, लोडाला टेकले आणि म्हणाले, लाव. मी यंत्रावर गाण्याचा प्रोग्रॅम आहे ना ते पाहिलं आणि झिंझोटी लावली. पाच-सात सेकंदं गेली असतील. बाबांनी हात वर केला.

"थांब. बिघडला बघ तुझा स्पीकर. केवढी खरखर यायला लागलीय."

मी आवाज जरा वाढवला.